अण्णांनी पिवळं केलेलं जग

गोऱ्या लोकांची राज्यं आशिया-आफ्रिकेतून कशी उठली हे पुस्तकांत वाचणाऱ्यांची मला जरा कीवच येते, कारण मी ते कॅनडातल्या विंडसरच्या आमच्या घरात, बेसमेंटमधल्या वॉशिंग मशीनच्या वरच्या भिंतीवर रोज बघत मोठी झाले. तिथे अण्णांनी जगाचा नकाशा टांगला होता. अण्णा म्हणजे बाबांचे वडील. चाळीसगावच्या हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, आजी गेली, आणि एकुलत्या एका मुलामागे कॅनडात आले. येताना ट्रंकेत दोन धोतरजोड्या, मिरचीचा ठेचा आणि गुंडाळलेला हा नकाशा. निरोप समारंभात शाळेने शालश्रीफळाबरोबर तोच दिला होता, कारण त्यावरचं एकही नाव आता धड उरलं नव्हतं आणि नवा घेतल्यावर जुन्याचं करायचं काय हा हेडमास्तरांपुढे प्रश्न होता. मूळ नकाशात इंग्रजांचे मुलूख गुलाबी होते, फ्रेंचांचे जांभळे, बाकीच्यांचे आणखी कसले कसले. देश सुटला की अण्णा तो पिवळा करत. हिंदुस्थानला तर पेन्सिलही मिळाली नव्हती. शाळेत झेंडावंदन झाल्यावर आजीच्या करंड्यातली हळद ओली करून त्यांनी ती बोटानेच फासली होती. त्या हळदीचा डाग हिमालय ओलांडून तिबेटात गेला होता आणि अण्णांना त्याचं फार वाईट वाटायचं, कारण दुसऱ्याच्या मुलखात शिरणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

मग ब्रह्मदेश, सिलोन, डचांचं इंडोनेशिया. मग आफ्रिका उठली. एका वर्षात तिथले इतके देश सुटले की अण्णांची पेन्सिल झिजून संपली आणि हेडमास्तरांनी स्टेशनरीबद्दल खुलासा मागवला. गोवा टाचणीच्या डोक्याएवढा. पण पोर्तुगीज गेले त्या दिवशी अण्णांनी तिथे पेन्सिल अशी काही दाबली की नकाशाला भोक पडलं. विंडसरला आल्यावर अंगोला आणि मोझांबिक मी माझ्या हाताने रंगवले, अण्णा मागे उभे राहून रेषेबाहेर जाऊ नको म्हणून सांगत होते. पिवळ्याखालून गुलाबी थोडं दिसत राहायचंच, त्यामुळे सुटलेले सगळे देश पिकायला लागलेल्या आंब्याच्या रंगाचे झाले होते. युगांडातून नेसत्या वस्त्रानिशी हाकलून दिलेले एक पटेलकाका आमच्याकडे जेवायला येत. एकदा त्यांनी तो नकाशा चष्मा लावून नीट बघितला आणि अण्णांना म्हणाले, "मास्टरजी, ये वाला वापस गुलाबी कर दो." अण्णा त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मला म्हणाले की पिवळं केलं म्हणजे आतली माणसं शहाणी होतात असं काही नसतं.

खरी अडचण कॅनडाची होती. नकाशात सगळ्यात मोठा गुलाबी तुकडा हाच, आणि आम्ही त्यातच राहत होतो. मी विचारलं की हा सुटलेला की नाही. अण्णा बेचाळीसच्या चळवळीत तार तोडून तुरुंगात गेलेले गृहस्थ. कोण स्वतंत्र आणि कोण नाही हे त्यांना एरवी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. इथे त्यांची गाडी अडली. संसद यांची, सैन्य यांचं, पण नाण्यावर राणी, नोटेवर राणी, माझ्या शाळेच्या ऑफिसातही राणी. शेवटी त्यांनी ग्रोसरीच्या दुकानातून फुकट मिळालेलं कॅलेंडर आणलं आणि बरोबर कॅनडावर टांगलं. त्यानंतर आमच्या नकाशात आर्क्टिकपासून डेट्रॉइटपर्यंत फक्त तारखा होत्या.

घरात दिवसभर आवाज अण्णांचा असायचा. शिकवणं सुटलं तरी शिकवायची खोड सुटली नव्हती. संध्याकाळी मला समोर बसवून ते उजव्या हाताचं बोट वर करत, इंग्रजीतलं एक वाक्य खणखणीत म्हणत, आणि मी ते त्यांच्यामागून म्हणायचं. वर्गातही त्यांची हीच पद्धत होती. मुलं पुटपुटली तर अण्णा रागावत नसत. फक्त पुन्हा पहिल्यापासून सुरू करत, त्यामुळे कोणी पुटपुटायचं धाडस करत नसे. कॅनडात जन्मल्यासारखं बोलणाऱ्या मला चाळीसगावचं इंग्रजी शिकवलं जात होतं आणि शाळेत मुली विचारत की तू रेडिओवरच्या म्हाताऱ्यासारखी का बोलतेस. ते बोट इतकं जबरदस्त होतं की बाबाही, मोटारीच्या कारखान्यातले टाय लावणारे इंजिनिअर, पेपर वाचता वाचता नकळत मागून म्हणायचे. आई तेवढी कधी म्हणाली नाही. ती पोळ्या लाटत असायची आणि तिला दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांबद्दल फारसं ममत्व नव्हतं.

कुंपणापलीकडे मिस्टर पेम्बर्टन राहायचे. उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे नकाशात पिवळ्या झालेल्या झांबियात, ते जिल्ह्याचे अधिकारी होते. तिथलं राज्य संपल्यावर इंग्लंडात त्यांचं मन रमेना, म्हणून विंडसरला मुलीजवळ येऊन राहिले होते. अण्णा त्यांना कलेक्टर म्हणायचे. अण्णांना शिक्षा ठोठावणारा कलेक्टर त्यांचं म्हणणं ऐकून न घेताच उठून गेला होता. ती अर्धवट राहिलेली फिर्याद आता कुंपणाशी, टोमॅटोच्या रोपांत उभं राहून, वर्षानुवर्षं चालली होती. पेम्बर्टनसाहेब म्हणायचे, आम्ही रेल्वे दिली. अण्णा म्हणायचे, तिकीट आमच्याकडून घेतलंत. साहेबांनी एकदा सांगितलं की झेंडा उतरवायचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा दोरी अडकली, सगळा जिल्हा बघत होता, बँड तीच धून पुन्हा पुन्हा वाजवत होता, आणि शेवटी साहेबांनी टोपी काढून स्वतः खांबावर चढून आपल्या हाताने साम्राज्य खाली आणलं. अण्णा इतके हसले की त्यांना कुंपण धरावं लागलं. तरी साहेब राणीच्या वाढदिवसाला अंगणात झेंडा लावायचेच, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. आणि आम्ही पंधरा ऑगस्टला आमचा, कपडे वाळत घालायच्या खांबावर. दोन्ही झेंड्यांकडे रस्त्यावरचे बाकीचे लोक ढुंकूनही बघत नसत.

अशा घरात बाबांनी एका रविवारी, आई पुऱ्या तळत असताना, जाहीर केलं की आपण सिटिझनशिपला अप्लाय केलंय. बाबांना कारखान्यात वरची जागा मिळायची होती. त्या जागेवरच्या माणसाला सारखं नदीपलीकडे अमेरिकेत डेट्रॉइटला जावं लागे, आणि भारतीय पासपोर्टवर पुलावरचा अधिकारी दर वेळी बाबांना बाजूला घेऊन बसवून ठेवायचा. कॅनडाचा पासपोर्ट नसेल तर जागा दुसऱ्याला जाणार होती, हे कारखान्यातल्या साहेबांनी बाबांना स्वच्छ सांगितलं होतं. अण्णांनी शांतपणे विचारलं की शपथ कोणाची घ्यायची. बाबांनी पुरीकडे बघत सांगितलं, राणीची. राणीची, तिच्या वारसांची आणि पुढे गादीवर येणाऱ्या सगळ्यांची. अण्णांनी ताट सरकवलं. राणीच्या प्रजाजनांच्या स्वयंपाकघरातलं अन्न आपण खाणार नाही असं म्हणून ते उठले आणि जिना उतरून खाली गेले.

आमचं बेसमेंट स्वतंत्र झालं ते असं. अण्णांनी खाली हॉटप्लेट मांडली, तांदूळ-डाळीच्या पिशव्या नेल्या, आणि स्वयंपाकाला लागले. हा माणूस तुरुंगात गेला होता, पण स्वयंपाकघरात कधी गेला नव्हता. त्यांची खिचडी खाली करपलेली आणि वर कच्ची असायची. हीटिंगच्या जाळ्यांमधून तिचा वास साऱ्या घरभर फिरायचा. अंथरुणाला, कोटांना, माझ्या शाळेच्या दप्तराला स्वातंत्र्याचा तो वास लागला होता. आई स्वयंपाकघरातल्या जाळीशी वाकून खाली ओरडायची, "अण्णा, जिरं जळतंय." खालून हॉटप्लेटचं बटण फिरवल्याचा आवाज यायचा. बाबा म्हणायचे, दुर्लक्ष कर, आपोआप वर येतील. ही असली खात्री दिल्लीतल्या व्हाइसरॉयलाही होती, असं आई म्हणाली.

या भांडणात माझा काही संबंध नव्हता, पण मला नुकतंच चौदावं लागून संपलं होतं. चौदा वर्षं पुरी झालेल्यांना शपथ आपल्या तोंडाने घ्यावी लागते असा नियम आहे. लहान असते तर बाबांच्या शेपटाला बांधून आपोआप कॅनडियन झाले असते. आता मी बोलणार की नाही यावर घरातली दोन्ही सरकारं टपून बसली. बाबांनी मला गाडीत बसवून सांगितलं की हात वर करायचा, म्हणायचं, विसरून जायचं. अण्णांनी खाली बोलावून सांगितलं, "खोटी शपथ घेऊ नये. आणि ही खरी तर मुळीच घेऊ नये." मग खाटेखालची ट्रंक दाखवली. धोतरं भरलेली, वर ठेच्याची रिकामी बरणीसुद्धा. मुलगा तर गेलाच, पण नातीनेही शपथ घेतली तर दुसऱ्या दिवशीच्या विमानाने चाळीसगाव, असं त्यांनी ठरवलं होतं. चाळीसगावला घर भाड्याने दिलेलं, ओळखीचे बरेचसे वर गेलेले. तिथे यांना कोण बघणार होतं हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. मी ट्रंकेवर बसून रडले. अण्णा गेले तर त्या घरात माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलणारं कोणी उरणार नव्हतं.

माझं रडणं बघून अण्णा विरघळले आणि त्यांनी मास्तरी तोडगा काढला. सगळे एकदम म्हणणार, तर कोण काय म्हणतंय हे परमेश्वरालाही ऐकू येत नाही. वर्गात जन्म गेला, आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा हात वर करायचा, तोंड हलवायचं, आणि एकोणतीसचा पाढा म्हणायचा. त्यात राणीशी निष्ठाही नाही आणि असत्यही नाही. वर बाबांचा पासपोर्ट सुखरूप, खाली अण्णांची ट्रंक सुखरूप. मी आठवडाभर पाढा घोटला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. बाबांना वाटलं पोरगी गणितात लक्ष घालायला लागली.

त्याच आठवड्यात पेम्बर्टनसाहेब लालबुंद होऊन कुंपणाशी आले. तोवर इंग्लंडचा माणूस इथे नागरिक न होताच मत देऊ शकायचा, राणी एकच म्हणून. आता कायदा बदलला होता. मत हवं तर त्यांनीही अर्ज करायचा, परीक्षा द्यायची, आणि आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच दिवशी, आमच्यासारखाच हात वर करून राणीशी एकनिष्ठ राहीन म्हणायचं. ज्याने उमेदीची सगळी वर्षं त्याच राणीसाठी मलेरिया सोसला त्याला ती आता विचारत होती, तू माझा ना? साहेबांनी आपण हात वर करू पण तोंड उघडणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे त्या हॉलमध्ये गप्प बसायला दोन माणसं तयार होती, एक राणीवर रुसलेला म्हणून आणि एक मी. साहेबांची गाडी थंडीत बंद पडली होती; बाबांनी त्यांना आमच्या गाडीतून न्यायचं कबूल केलं. हे कळल्यावर अण्णा म्हणाले की मीपण येतो. साहेबाला रांगेत उभं राहिलेलं बघायची संधी सोडण्याइतकं त्यांचं वैराग्य पक्कं नव्हतं.

हॉल साधाच होता. पुढे शपथ घेणाऱ्यांच्या खुर्च्या, मागे पाहुण्यांच्या. माझ्या एका बाजूला आईबाबा, दुसऱ्या बाजूला पेम्बर्टनसाहेब, आणि बरोबर आमच्या मागे अण्णा, खादीचा कोट, पांढरी टोपी, पायांत बाबांचे स्नो-बूट. आमच्यापुढे एक इटालियन कुटुंब, एक लेबनीज, एक जमैकाची बाई तीन मुलांना घेऊन, पलीकडे घानाहून आलेलं एक तरुण जोडपं. अर्धा नकाशा तिथे बसला होता. जज म्हणून आलेल्या गृहस्थांना सर्दी झाली होती. ते नाकात एकेक तुकडा म्हणत आणि आम्ही तो परत म्हणायचा. झालं असं की कोणालाच धड ऐकू येईना. इटालियन आजोबा भलतंच काही म्हणाले, जमैकाची बाई मुलाला दटावत होती, साहेबांचे ओठ शिवल्यासारखे, आणि मी अठ्ठावन्नवर. सगळ्या हॉलमध्ये नुसती भुणभुण झाली. जज थांबले, नाक शिंकरलं, आणि जरा मोठ्याने म्हणा अशी विनंती करून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा भुणभुण.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो आवाज मला ओळखीचा होता. अण्णा उभे राहिले होते आणि त्यांचं बोट वर गेलं होतं. एक अख्खा वर्ग पुटपुटत होता आणि इंग्रजीचे लचके तोडत होता, हे त्यांना बसून ऐकवेना. आपण कुठे आहोत, कोण आहोत, कशासाठी ताट सरकवलं, सगळं त्या घटकेला त्यांच्या डोक्यातून गेलं असणार. चाळीसगावच्या हायस्कुलाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी शपथेचा पहिला तुकडा म्हटला, एकेक अक्षर सुटं करून. आणि सबंध हॉल त्यांच्यामागून म्हणाला. इटालियन म्हणाले, लेबनीज म्हणाले, घानाचं जोडपं अगदी ताठ उभं राहून म्हणालं. माझा पाढा कुठे गेला मला कळलं नाही. बोट वर गेलं की म्हणायचं, एवढंच माझ्या अंगात मुरलेलं होतं. मी म्हटलं. शेजारी बाबा म्हणाले. आणि दुसऱ्या बाजूला पेम्बर्टनसाहेब, न बोलायचं ठरवून आलेले, शाळकरी पोरासारखे अण्णांच्या मागून राणीशी एकनिष्ठ राहायचं म्हणत होते. वारसांसकट आणि गादीवर पुढे येणाऱ्या सगळ्यांसकट अण्णांनी शपथ पुरी करून घेतली. मग जजनी शपथेचं फ्रेंच सुरू केलं. ते अण्णांना येत नव्हतं, म्हणून ते खाली बसले आणि हॉल पुन्हा भुणभुणायला लागला. बसल्यावर त्यांना आपण काय केलं ते उमजलं. मी मागे वळून बघितलं तर ते आपल्या बोटाकडे बघत होते.

जजनी वर त्यांचे आभार मानले. मागच्या त्या गृहस्थांइतक्या मनापासून शपथ घेणारं आपण आजवर कोणी पाहिलं नाही, असं म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं या म्हणीचा अर्थ मला त्या टाळ्यांनी नीट समजावला. परतताना गाडीत बाबांना हसू आवरत नव्हतं आणि ते पुन्हा पुन्हा आरशात न बघायचा प्रयत्न करत होते. पेम्बर्टनसाहेब उतरताना अण्णांचा हात हातात धरून हळूच म्हणाले की ते आता मतदार झाले याला जबाबदार अण्णा आहेत. यात चेष्टा किती आणि आभार किती हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर अण्णा थेट खाली गेले. ट्रंकेच्या कड्या वाजल्या. मी जिन्यावर बसून राहिले, कारण शपथ मी घेतली होती आणि बोलीप्रमाणे आता विमान होतं. आईने पुरण आधीच शिजवून ठेवलं होतं. पहिली पोळी तव्यावर पडल्यावर ती जाळीशी वाकली आणि म्हणाली की पानं घेतली आहेत. मग खालून अण्णांचा आवाज आला, एरवीच्या निम्मा, "उषा, आता चाळीसगावला कोणत्या तोंडानं जाऊ?"

"नका जाऊ," आई म्हणाली. "हात धुऊन वर या."

ते वर आले. टोपी काढलेली, डोळे लाल. तूप वाढताना आईने नेहमीपेक्षा जास्त वाढलं. मला इतका आनंद झाला होता की मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. साम्राज्याने आमच्या कुटुंबावर केलेला हा एकच उपकार मला आठवतो.

अण्णा पुढे पुष्कळ वर्षं विंडसरलाच राहिले आणि शेवटपर्यंत भारताचे नागरिक होते. तो नकाशा आता माझ्या मिल्टनच्या घराच्या बेसमेंटमध्ये आहे. नातू खाली हॉकीची स्टिक शोधायला गेला की वर ओरडून सांगतो, "आजी, this map is so wrong." मी त्याला हो म्हणते. मध्यंतरी शेजारच्या पुण्याच्या मुलाने कॉम्प्युटरसमोर बसून, वर शर्ट आणि खाली पायजमा अशा थाटात शपथ घेतली. राणी गेली, आता राजा आहे. शब्द तेवढे तेच. तोही पुटपुटलाच.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मी कपडे धुवायला खाली गेले तर कॅलेंडर काढलेलं होतं. अण्णांनी रात्रभर बसून कॅनडा रंगवला असावा. आर्क्टिकची बेटंसुद्धा सोडली नव्हती, सगळं पिवळं. फक्त खाली, डेट्रॉइटच्या काठाशी, विंडसरच्या जागी एक बारीक ठिपका त्यांनी तसाच गुलाबी ठेवला होता. अण्णा खाटेवर बसून पेन्सिलीला टोक करत होते. मी विचारलं की हे काय राहिलंय.

"तो मी," अण्णा म्हणाले. "बाकीचे सुटले."